मागच्या खिडकीतला उजेड

सकाळचा उजेड त्या खोलीत थेट कधी आला नाही. तो समोरच्या इमारतीच्या पिवळट भिंतीला विचारून यायचा. साडेआठच्या सुमारास भिंतीचा वरचा कोपरा तापलेल्या पितळेसारखा होई. मग तो रंग हळूहळू खाली उतरे, गंजलेल्या पाइपापाशी थबके, कुणाच्या तरी वाळत टाकलेल्या सदऱ्यातून गाळून निघे, आणि त्यातलं जे काही उरे ते खिडकीच्या गजांमधून आत येऊन फरशीवर टेके. त्याला कडा नसत. त्यात हात धरला तर सावली पडत नसे. पलंगाच्या पायापर्यंत तो कसाबसा पोचे आणि वडील उशीवरची मान त्या बाजूला वळवत. वीस मिनिटांत भिंत पुन्हा राखाडी होई.

धाकटा मुलगा रोज चहाचा कप ठेवताना म्हणे, "बघा, आला उजेड."

"आला म्हणायचा," वडील म्हणत.

वडिलांनी चाळीस वर्षं रोपवाटिका चालवली होती. गुडघे गेले, रोपवाटिका बंद झाली, आणि सहा महिन्यांपूर्वी एक ट्रंक आणि कुंडीतलं लिंबाचं रोप घेऊन ते धाकट्याकडे राहायला आले. घरात खोल्या दोनच. पुढच्या खोलीत दुपारपर्यंत ऊन लोळत असे. तिथे धाकट्याचं टेबल होतं, पुस्तकं होती. पहिल्या दिवशी दोन्हीकडे डोकावून वडील म्हणाले होते, "मला मागची चालेल. तुझा अभ्यास असतो." धाकट्याने ते फार लवकर खरं मानलं. रोपही मागच्याच खिडकीत गेलं.

गुरुवारी ताईचा फोन आला.

"बाबा दोन शब्दांच्या वर बोलत नाहीत. जेवतात तरी का?"

"सरावतायत गं."

"सहा महिने? लष्करात भरती केलंयस का त्यांना? रविवारी दहाला येतेय. खोली अंधारी असली तर तिथूनच घेऊन जाईन, आधीच सांगते."

वडील गेले असते तर घरात फक्त धाकट्याचा स्वतःचा आवाज उरला असता, आणि तोही त्याच्या फारसा वापरात नसे. मागची खोली ठीक आहे याचा त्याला पुरावा हवा होता. पुरावा खिडकीतच उभा होता: लिंबाची पानं आल्यापासून गडद झाली होती. महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो सहायक होता. अशा पानांचा अर्थ त्याला ठाऊक होता.

"हरितद्रव्याचे दोन प्रकार असतात, बाबा," पान खुडता खुडता तो म्हणाला. "ए आणि बी. मुख्य काम ए करतं, पण त्याला जांभळा-निळा आणि लाल एवढाच उजेड नीट धरता येतो. त्याच्या हातून सुटणारा थोडा निळा, थोडा नारिंगी, तो बी पकडतं आणि ए च्या हवाली करतं. सावलीत पान बी चं प्रमाण वाढवतं. रुळलंय ते इथे."

वडिलांनी पान अंगठ्याने चाचपलं. "कागद झालाय याचा." मग पान उलटं करून, "आणि हिरवा उजेड?"

"तो बराचसा परत फिरतो. म्हणून तर पान हिरवं दिसतं."

"म्हणजे त्याने जे घेतलं नाही तेच आपण बघायचं, आणि म्हणायचं, वा, काय छान चाललंय." ते हसले. हसण्याचा खोकला झाला.

शुक्रवारी धाकट्याने पान खलात ॲसिटोन घालून घोटलं, गाळलं, आणि तो हिरवा अर्क काचेच्या कुपीत भरून यंत्रात ठेवला. यंत्राच्या दिव्याचा उजेड अर्कातून आरपार गेला. लाल उजेडाच्या दोन जागी किती शोषला गेला त्याचे आकडे आले. महाविद्यालयाच्या बागेतल्या, उन्हातल्या लिंबात बी च्या तिपटीहून जास्त ए होतं. घरच्या पानात जेमतेम दुप्पट.

"छान जुळवून घेतलंय," तो पुटपुटला.

विभागाच्या मॅडम मागेच उभ्या होत्या. "कुणी?"

त्याने रोपाबद्दल सांगितलं. वडिलांबद्दल सांगितलं नाही.

"अरे, हा आकडा यंत्राच्या दिव्यातला आहे," मॅडम म्हणाल्या. "पान किती धरू शकतं, ते कळलं. त्याला मिळतं किती, ते या यंत्राला काय माहीत? मोठं ताट मांडून बसलेला माणूस जेवलाच असेल, असं धरून चाललायस तू. नवी पालवी आली का?"

"नाही."

"खिडकीतला उजेड मोजलास?"

चार वर्षं तो विद्यार्थ्यांना हाच प्रश्न विचारत आला होता. मॅडमनी कपाटातून प्रकाशमापक काढून त्याच्या हातात ठेवला आणि त्या निघून गेल्या.

रविवारी साडेआठला त्याने आधी पुढच्या खोलीची खिडकी मोजली. बावीस हजार लक्स. मग तो मागे आला. भिंत अगदी पितळी झाली होती तेव्हा रोपापाशी काटा तीनशे दहावर थांबला. वडील डोळे मिटून पडले होते. त्याने मापक हळूच उशीशी धरला. अडतीस.

"काय रे मोजतोस?" वडिलांनी डोळे न उघडता विचारलं.

"काही नाही. यंत्र तपासत होतो."

"मग हेही मोज." त्यांनी पलंगाखालून पत्र्याचा डबा पुढे सरकवला. आत पानं होती. लिंबाची, गळून पडलेली. तळची वाळून तपकिरी, वरची अजून गडद हिरवी. सहा महिन्यांची.

"तू कामावरून यायच्या आत उचलून ठेवायचो," वडील म्हणाले. "तू इतका खूश होतास त्या रोपावर."

धाकटा डबा मांडीवर घेऊन तिथेच फरशीवर बसून राहिला. समोरची भिंत राखाडी होत गेली.

दहाला दार वाजलं. ताई चपला काढता काढताच म्हणाली, "काय मास्तर, येतो का उजेड?"

त्याच्या तोंडात रोजचं उत्तर तयार होतं. ताई आत आली, पलंगापाशी थांबली, आणि भिंतीवर चाचपडत तिने दिव्याचं बटण शोधलं.

"नाही ताई," तो म्हणाला. "या खोलीत ऊन येत नाही."