सहा पिल्लांची ऊब

मी एक जुनी, तांबड्या रबराची शेकायची पिशवी आहे. मित्रांनो, माझ्या पोटात गरम पाणी भरलं की दुखऱ्या अंगाला आराम पडतो. मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या जयरामबाबांनी मला त्यांच्या गुडघ्यांसाठी विकत घेतलं. "हिच्याशिवाय माझं पान हलत नाही," असं ते आल्यागेल्याला सांगत. ते ऐकून मी मनोमन सुखावत असे.

पुढे बाबा नाशिकला मुलीकडे, संजनाकडे राहायला आले. संजना लॅब्राडोर कुत्री पाळते आणि त्यांची पिल्लं विकते. गेल्या डिसेंबरात तिची रेवा व्याली. सहा पिल्लं झाली. रेवाचं दोन वर्षांतलं हे तिसरं वेत होतं.

तिसऱ्या दिवशी रेवाला ताप भरला. ती पिल्लांना जवळ घेईना. पिल्लं गारठली, बारीक आवाजात रडू लागली. संजनाने घाईघाईने ड्रॉपरने दूध पाजलं. दुपारपर्यंत दोन पिल्लं गेली.

डॉक्टर आले. रेवाला इंजेक्शन देऊन ते म्हणाले, "अंग गार असताना दूध पाजू नका, पचत नाही. आधी हळूहळू ऊब द्या."

तेव्हा बाबांनी मला पुढे केलं. टॉवेलमध्ये गुंडाळून मला खोक्यात ठेवलं आणि चारही पिल्लं मला बिलगली. पाणी निवलं की संजना ते बदलायची, पिल्लांना साखरपाण्याचे थेंब द्यायची, वजन करायची, पुन्हा पाणी तापवायला जायची. चार दिवस तिने केस विंचरले नाहीत. मीही थकले. माझी ऊब तासाभराचीच, आणि त्यांना तर ती सतत हवी होती.

पाचव्या सकाळी एका पिल्लाची धडधड माझ्या अंगाला लागून थांबली. मी अजून कोमट होते. संध्याकाळी दुसरंही गेलं.

संजना खोक्याशेजारी बसून राहिली. "बाबा, पहिली दोन मीच घालवली का हो?"

"तुला कुठं माहीत होतं, बाळा?"

"माहीत असायला हवं होतं. माझा धंदा आहे हा."

बाबा पाणी तापवायला उठले.

उरलेली दोन पिल्लं जगली. दहाव्या दिवशी रेवा खोक्यात आली आणि त्यांना चाटू लागली. संजना तिथेच भिंतीला टेकून झोपी गेली.

माझं रबर आता चिरलंय. मी माळ्यावर पडून असते. खाली फोन वाजतो, कुणी पुढच्या पिल्लांचं विचारतं. संजना सांगते, "रेवाला आता पुन्हा पिल्लं होणार नाहीत. त्यातून तिला मी मोकळं केलंय."

मित्रांनो, पिल्लासाठी हट्ट धराल तेव्हा एकदा त्याच्या आईला भेटून या. ती दमलेली दिसली, तर रिकाम्या हातांनी परत या.