मला बसवू नका

मित्रांनो, मी एक जुना बास्केटबॉल आहे, आणि एका जागी गप्प बसणे मला जन्मात जमलेले नाही. आज मात्र बसलो आहे. का, ते सांगतो. पण जरा भरभर सांगतो, कारण माझ्यातली हवा रोज थोडी थोडी कमी होते आहे.

माझा जन्म कारखान्यातला. रबराच्या फुग्यावर दोरा गुंडाळला, वर खरखरीत कातडे चिकटवले आणि सुईने हवा भरली. त्या पहिल्या हवेबरोबरच ही चुळबुळ माझ्या अंगात शिरली असावी. दुकानाच्या फळीवर कुणी शेजारचे खोके हलवले तरी मी घरंगळत सुटायचो. याच्या पायाला भिंगरी आहे, असे दुकानदार वैतागून म्हणायचा. ज्याला पायच नाहीत त्याला असे म्हणणे म्हणजे कमालच, पण मला ते आवडायचे.

मला विकत घेतले एका पहारेकऱ्याने. तो रात्री गोदाम राखायचा, दुपारपर्यंत झोपायचा आणि संध्याकाळी वसाहतीतल्या मुलींना बास्केटबॉल शिकवायचा. मुली त्याला मामा म्हणत. त्याची स्वतःची मुलगी संघाची कर्णधार होती. तिलाही सगळे भिंगरीच म्हणत, म्हणून आमचे पहिल्या दिवसापासून जुळले.

मामाने माझे लाड केले. खेळ संपला की ओल्या फडक्याने पुसायचा, अंगठ्याने दाबून बघायचा, मऊ लागलो की पंपाने हवा भरायचा. सिमेंटवर आपटून माझ्या अंगावरचे दाणे झिजले, तरी टप्पा असावा तर असा, असे एका पंचाने सगळ्यांसमोर म्हटले होते. मी किती दिवस त्याच तोऱ्यात उड्या मारत होतो!

पण आमच्या संघाला एक खोड होती. मी माणसे तळव्यांवरून ओळखतो. आम्ही मागे असलो की या मुलींचे तळवे कोरडे आणि गरम असत. मी हातात टिकायचोच नाही, सुटलो की थेट कड्यातून जाळीत. आघाडी मिळाली की तेच तळवे घामेजायचे. कारण आघाडी मिळताच बाकावरून मामा ओरडायचा, कुलूप लावा. जन्मभर गोदाम राखलेला माणूस तो, राखणे म्हटले की त्याला कुलूपच सुचणार. मग मुली जागच्या जागी उभ्या राहायच्या आणि मला इकडून तिकडे नुसत्या सरकवायच्या. कड्याकडे कुणी बघायचे नाही, सगळ्यांचे डोळे घड्याळावर. चेंडू कड्याकडे फेकायची मुदत संपत आली की वाघ मागे लागल्यासारख्या मला कुठूनही भिरकावायच्या. समोरच्या संघाला आमच्या भीतीचा वास लागायचा, आणि हातातोंडाशी आलेला घास जायचा.

असे वारंवार झाले. एकदा तर मोठी आघाडी घालवून आम्ही हरलो, तेव्हा बाकाखाली पडल्या पडल्या मी मुलींचे बोलणे ऐकले. उंच मुलगी होती, जिराफ म्हणायचे तिला. ती म्हणाली की मामा जीव लावतात हे खरे, पण घरच्या मैदानावरचा अंतिम सामना असाच हरलो तर दुसरा प्रशिक्षक बघायचा. बाकीच्या मुलींनी माना हलवल्या. भिंगरी म्हणाली, तसे झाले तर बाबांना मीच सांगेन.

त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता आणि तिचाही. घरी ती बापासमोर तोंड उघडायची आणि भलतेच काहीतरी बोलायची, मग अंगणात येऊन मला आपटत बसायची. रात्रभर एकट्याने जागणाऱ्या त्या माणसाला पोरींचा गलका ऐकायला मिळायचा तो संध्याकाळी. तो काढून घेतला तर त्याच्या दिवसात उरते काय? मला तेव्हा फार वाईट वाटायचे.

अंतिम सामना आला. पूर्वार्धात आमच्या मुली सुसाट सुटल्या, आघाडी दोन आकड्यांवर गेली. आणि उत्तरार्ध सुरू होताच बाकावरून तीच हाक आली. लगेच तळवे ओले. एकीच्या हातातून तर मी चक्क निसटलो. आघाडी बघता बघता दोन गुणांवर आली. भिंगरीने बापाला विश्रांती मागायची खूण केली. पंचांनी शिट्टी वाजवली. मला काखेत धरून ती थेट बाकापाशी गेली.

"बाबा, गोदामावर तुम्ही कुलपापाशी खुर्ची टाकून बसता का?"

मामा गोंधळला. "बसलो तर डोळा लागेल. चोर त्याचीच वाट बघत असतात. फेऱ्या मारतो मी."

"मग आम्हाला का बसवता?"

मामाचा हात कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यावर गेला आणि तिथेच राहिला. मला वाटले, आता चिडणार. पण तो हळू आवाजात म्हणाला, "मारा फेऱ्या. आणि दार उघडं दिसलं तर आत शिरा."

मग काय विचारता! जिने पास दिला ती तिथे थांबेना. मी एकीकडून दुसरीकडे, आणि पहिली धावत तिसरीकडे. समोरच्या मुली मला हिसकावायला एकदम बाहेर आल्या, कड्याखाली मैदान मोकळे पडले आणि जिराफ आत घुसली. सगळेच जमले असे नाही. दोनदा मी कड्यावर आपटून परत आलो, एकदा तर बरोबरीही झाली. पण तळवे कोरडे राहिले, मित्रांनो. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा आम्ही पाच गुणांनी पुढे होतो.

गलका ओसरल्यावर जिराफ मामापाशी आली आणि खाली बघत म्हणाली, "मामा, उद्या किती वाजता यायचं?" मामाला त्यात काही विशेष वाटले नाही. भिंगरी मात्र मला तोंडाशी धरून रडली.

आणि त्या विजयानेच माझा घात केला. संघाला नवा चेंडू आला. मला मामाने पुसले, वसाहतीच्या मंडळाच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात चषकाशेजारी ठेवले आणि कुलूप लावले. किल्ली जुडग्यात. येणाऱ्याजाणाऱ्याला तो मला कौतुकाने दाखवतो. बाहेर नव्या चेंडूचे टप्पे ऐकू येतात आणि माझ्या जिवाची उलघाल होते. अंगठ्याने दाबून बघणारे कुणी नाही. एका बाजूने मी बसत चाललो आहे. मैदानावर जे शिकला, ते मामा कपाटापाशी साफ विसरला.

आज भिंगरी काचेपाशी आली. माझ्या अंगावरचा खोलगट भाग तिने बराच वेळ पाहिला आणि बापाकडे किल्ली मागितली. मामा म्हणाला की जुना झालाय तो, बाहेर काढला तर फुटेल. ती हात पुढे करून उभी राहिली. आता मामा जुडगे चाळतो आहे.

त्यात किल्ल्या पुष्कळ आहेत, मित्रांनो. ही सापडेपर्यंत तुमच्यापाशी एवढेच मागणे आहे. तुमच्याही घरात असे कुणी जपून ठेवलेले असेल, तर त्याला बाहेर काढा, हवा भरा, उन्हात न्या. फुटलो तर फुटेन, पण खेळताना फुटेन. अहो मामा, ती नव्हे, त्याच्या पुढची!