औदुंबराभोवतीची लाईन

आमच्या कारखान्यातून कुठलंही रेलिंग बाहेर पडायचं ते एकदा अंगणात पूर्ण जोडून बघितल्यावरच. हा आमच्या जुन्या मिस्त्रींचा, शमशुद्दीनभाईंचा नेम. माझे जसे सोमवार-गुरुवार, तसा त्यांचा हा. पूर्वी एकदा कागलच्या एका घराच्या जिन्याचं रेलिंग न जोडता पाठवलं, आणि तिथं गेल्यावर कळलं की रेलिंग डावीकडं वळतंय आणि जिना उजवीकडं. घरमालक भला माणूस. म्हणाला, असू द्या, जिना फिरवून घेतो. आणि खरोखरच गवंडी बोलावून जिना फिरवून घेतला. पण शमशुद्दीनभाईंच्या मनाला ते फार लागलं. तेव्हापासून वेल्डिंगचा शेवटचा टाका पडला, की अंगणात मांडणी. मग नटबोल्ट सोडायचे आणि माल ट्रकमध्ये चढवायचा.

त्र्याहत्तर सालच्या चैत्रात आम्ही करंजखोऱ्याच्या वाघजाईसाठी रेलिंग केलं. करंजखोरं म्हणजे मलकापूरच्या पुढची आडबाजूची वाडी. वर्षातून एक दिवस यात्रा भरते. देवळाचं दार एवढंसं, आणि माणसं म्हणजे भरल्या पोत्याचं तोंड उसवल्यासारखी. आदल्या वर्षी त्या रेटारेटीत आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई झुंबरबाई, पडल्या आणि त्यांचा उजवा हात कोपरात मोडला. तेव्हाच यांनी देवीपुढं शब्द दिला, की पुढच्या यात्रेला दर्शनाच्या रांगेसाठी रेलिंग करून देईन. बावीस तुकडे, दीड इंची पाईप, प्रत्येक तुकड्यावर शेंदरी रंगानं एक ते बावीस आकडे.

यात्रा दुसऱ्या दिवशी होती. आत्याबाई सकाळी सातपासूनच गाठोडं घेऊन उंबऱ्यावर बसलेल्या.

मी आंघोळीआधी म्हटलं, "आत्याबाई, रेलिंग उभं राहिलं तरच तुम्ही गर्दीत जायचं हं."

"रेलिंग हुबं ऱ्हाऊ दे न्हाय तर न ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "म्या जानार. दुसरा हात हाय की."

एकदा त्या असं म्हणाल्या की पुढं बोलण्यात अर्थ नसायचा. सत्तरी उलटलेली, हाडं शेवयांसारखी झालेली. रेलिंग आज सूर्य मावळायच्या आत तिथं उभं राहायला हवं होतं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. हे पहाटेच ट्रक आणायला गेले होते. अकराला ट्रक, बाराला निघायचं, चारला करंजखोरं.

आमच्या अंगणात औदुंबर आहे आणि त्याच्या बुडाशी दत्ताच्या पादुका. त्याला रोज एकशे आठ प्रदक्षिणा घालायच्या, आणि आंघोळीपासून त्या पुऱ्या होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असं माझं व्रत होतं. मोजायला हातात एकशे आठ शेंगदाणे घ्यायचे. एक फेरी झाली की एक दाणा पादुकांपाशी ठेवायचा. हात रिकामा झाला की व्रत पुरं.

आता अंगण लहान आणि रेलिंग लांब. म्हणून शमशुद्दीनभाईंनी ते रस्त्याकडच्या फाटकापासून सुरू करून औदुंबराभोवती फिरवलं होतं, आणि पुढं जागा नाही म्हणून त्याचं शेवटचं तोंड पुन्हा पहिल्याच वळणात आणून टेकवलं होतं. फाटकातून जो आत शिरेल तो झाडाभोवती फिरत फिरत परत झाडाभोवतीच येईल. देवळापाशी त्या तोंडापुढं गाभाऱ्याचं दार येणार होतं. आमच्याकडं औदुंबर होता. शमशुद्दीनभाई रात्री अकरापर्यंत काम करून घरी झोपले होते, ते दहाला यायचे होते. मी नेहमीसारखी चालायला लागले. आजूबाजूला पाईप आलेत एवढाच काय तो फरक.

तिसऱ्या का चौथ्या फेरीला फाटकात एक माणूस दिसला. डोक्याला पटका, हातात रिकामी पिशवी. ते दिवस टंचाईचे होते. साखर नाही, रॉकेल नाही, डालडा नाही. लाईन दिसली की माणसं आधी उभी राहायची आणि मग विचारायची. इथं तर लाईनीचे कठडेच उभे होते, आणि आत एक बाई चालत होती.

"ताई, हितं काय मिळतंय ओ?" त्यानं विचारलं.

मी ओठांवर बोट ठेवलं. माझं मौन आहे, एवढंच मला सांगायचं होतं. त्यानं इकडं तिकडं बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "कळलं, कळलं. गपचिप मिळतंय." आणि माझ्या मागं येऊन उभा राहिला. मी चालले, तोही चालला.

त्याचं नाव ज्ञानू, कागलहून भावाकडं आला होता, हे मला नंतर कळलं. त्यानं स्वतःच ते मागच्यांना सांगितलं. कारण दहा फेऱ्या होईपर्यंत मागं सात माणसं होती. त्यात एक धोंडुबाई म्हणून होत्या, रॉकेलचा डबा डोक्यावर घेऊन. त्यांनी विचारलं, "पावणं, कशाची लाईन?"

"ते काय सांगंनात. पर सरकतिया."

"सरकतिया?" धोंडुबाईंचा विश्वासच बसेना. "बाई गं! खरंच की!"

बाजारातली कुठलीही लाईन तेव्हा सरकत नव्हती. ही अखंड सरकत होती. रस्त्यावरनं जाणाऱ्याला यापेक्षा दुसरी जाहिरात कशाला हवी? सायकली भिंतीला टेकल्या. पिशव्या, डबे, एक घागर. मी आपली मनात नामस्मरण करत होते, पण खरं सांगायचं तर नामातसुद्धा मधूनच 'देवा, ह्यांना घरी पाठव' असं यायला लागलं होतं.

त्यात शेंगदाणे. मी फेरीला एक दाणा पादुकांपाशी ठेवला, की मागचा ज्ञानू तो उचलायचा, डोळ्याला लावायचा आणि खिशात टाकायचा. "टोकन हाय," त्यानं मागं सांगितलं. पुढच्या फेरीचा दाणा धोंडुबाईंनी लांब हात करून घेतला. मग वाद सुरू झाला, की माणशी एकच दाणा घ्यायचा, हावरटपणा करायचा नाही. तो निकाल त्यांनी आपापसातच लावला, आणि मला म्हणाले, "ताई, तुम्ही काळजी करू नगा. चाललंय ते बराबर हाय."

साठ फेऱ्या झाल्या तेव्हा लाईनीचं शेपूट माझ्या पुढं आलं. म्हणजे मी ज्याच्या मागं चालत होते तो लाईनीतला शेवटचा माणूस होता, आणि माझ्या मागं पहिला. त्या शेवटच्यानं वळून मला दटावलं, "बाई, ढकलू नगा. नंबरानं चला."

दहाला शमशुद्दीनभाई आले. फाटकात उभे राहून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"वहिनी, ही कुणाची मयत?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान हलवून नाही म्हटलं आणि हातातले उरलेले दाणे दाखवले. सोळा होते. ते समजले. वीस वर्षं आमच्याकडं काढलेला माणूस, त्यांना माझं मौन ठाऊक होतं. ते रंगाच्या डब्यावर बसून राहिले. आत्याबाईंनी उंबऱ्यावरनं विचारलं, "काय वाटत्यात रं शमशू? आपलं बी नाव लाव की."

शेवटचा दाणा ठेवला, नमस्कार केला आणि मी वळून म्हणाले, "इथं काही मिळत नाही हो. हा रेलिंगचा कारखाना आहे. मी प्रदक्षिणा घालत होते."

माझा आवाज मुळातच लहान, पण पुढच्यांनी शब्द न् शब्द ऐकला.

ज्ञानू समजूतदारपणे हसला. "ताई, म्होरल्या माणसानं असंच म्हणायचं असतंय. म्या बी म्हणलो असतो."

"आन सकाळधरनं अडीच तास हिंडलीसा ते?" धोंडुबाई म्हणाल्या. "काय मिळत नसताना कोण एवढं हिंडंल?"



मी थांबले तशी लाईन थांबली, आणि ते जास्तच वाईट झालं. कारण थांबल्यावर प्रत्येकाला आपल्या शेजारच्या पाईपवरचा शेंदरी आकडा दिसला. "माझा चौदा." "मी एकोणीसला हाय, ध्यानात ठेवा." एकेका तुकड्याला दोघं-तिघं धरून उभे राहिले. अकराला हे ट्रक घेऊन आले, शमशुद्दीनभाईंनी पाना काढून पहिला नट सैल केला, तर पन्नास माणसं एकदम ओरडली. नंबर काढून घेतात म्हणजे काय?

हे स्टुलावर चढले. "अवो, रेलिंग हाय हे! यात्रंला जायाचंय! ह्यो कारखाना हाय, दुकान न्हवं!"

"कारखाना हाय म्हणूनच मिळणार की!" मागनं कोणीतरी म्हणालं. "दुकानात कुठं काय मिळतंय?"

सगळ्यांना ते पटलं. यांच्या चेहऱ्यावरनं मला वाटलं, क्षणभर यांनाही पटलं.

शेवटी शमशुद्दीनभाई जाऊन चौकातल्या हवालदारांना घेऊन आले. हवालदारांनी लाईन या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. टोक नव्हतंच, म्हणून दोनदा बघितली.

"कशाची लाईन हाय?"

"ठावं न्हाय सायेब. पर भांडण न्हाय बगा."

"ते दिसतंयच." हवालदार यांच्याकडं वळले. "मालक, सकाळपास्नं तीन दुकानांवर लाठी घिऊन हुबा हाय. आन हितं माणसं आपल्या आपण नंबर धरून! असली लाईन मोडायची तर मला वरनं ऑर्डर लागंल." आणि जाता जाता अगदी खाजगी आवाजात म्हणाले, "साखर असली तर घरला दोन किलो ठिवा."

बारा वाजून गेले. उंबऱ्यावरनं आत्याबाई उठल्या, गाठोडं काखेत मारलं. "तुमचं चालू द्या. म्या यष्टीनं जातो. उद्या पाटं दारात असली पायजे." त्या खरंच चालायला लागल्या. त्यांचा तो उजवा हात, नीट न बसलेला, बाजूला कोंबडीच्या पंखासारखा निघालेला.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की ही माणसं रेलिंगच्या मागं नाहीत, माझ्या मागं आहेत. मी चालले तोवर कोणाची काही तक्रार नव्हती.

मी एक नंबरच्या तुकड्याला हात घातला आणि शमशुद्दीनभाईंना म्हटलं, "हा एवढा सोडा." त्यांनी सोडला. ज्ञानूनं दुसरं टोक उचललं, कारण एक नंबर तो सोडणार नव्हता. आम्ही दोघांनी तो ट्रकमध्ये चढवला आणि मी वर चढले.

"कुठं निघालासा, ताई?"

"करंजखोऱ्याला. वाघजाईच्या दर्शनाला." मी काही खोटं बोलले नाही.

ज्ञानूनं मागं वळून सगळ्यांना सांगितलं, "गोडाऊन तिकडं हाय!"

पुढचं मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगते. शमशुद्दीनभाई नट सोडत गेले आणि ज्याचा जो नंबर त्यानं तो तुकडा उचलून ट्रकमध्ये आणला. दोन, तीन, चार, अगदी ओळीनं. कोणी कोणाच्या पुढं गेलं नाही. हमालांना जे दोन तास लागायचे ते पंचवीस मिनिटांत झालं. काहींनी घरी निरोप धाडले, दहाबाराजण कंटाळून परतले. बाकीचे त्रेचाळीसजण आपापला पाईप धरून ट्रकमध्ये उभे राहिले, आणि कोपऱ्यावर यांनी आत्याबाईंना उचलून पुढं ड्रायव्हरशेजारी बसवलं.

करंजखोऱ्यात ट्रक टेकडीच्या खालीच थांबतो. वर माल चढवायला माणसं कुठून आणायची, ही यांना आठ दिवसांची काळजी. ती कोणाला करावीच लागली नाही. उतरताना एक नंबर आधी, मग दोन, मग तीन, अशी बावीस तुकड्यांची मिरवणूक टेकडी चढली. पुजारी हात जोडून बघत राहिले. शमशुद्दीनभाईंनी नुसते नट आवळायचे. दिवस मावळायला रेलिंग उभं राहिलं, आणि त्रेचाळीस माणसं त्याच्या आत, आपापल्या आकड्यापाशी. शेवटचं तोंड आता थेट गाभाऱ्याच्या दारात उघडत होतं.

गावानं रात्री त्यांना पिठलं-भाकरी खाऊ घातली. ती त्यांनी नंबरानं घेतली.

पहाटे डोंगर उतरून माणसांचे लोंढे आले. दरवर्षी ते सरळ दारावर आदळायचे. या वेळी त्यांना एक लाईन उभी दिसली. लाईन दिसल्यावर माणूस काय करतो? तिच्या मागं उभा राहतो. आत्याबाई पुढं घुसायला गेल्या. "माझ्या ल्योकानं केलंय रेलिंग," असंही सांगून बघितलं. ज्ञानूनं त्यांना अदबीनं आपल्या त्रेचाळीसजणांच्या मागं नेऊन सोडलं. "आजी, चव्वेचाळीस तुमचा."

मी दाराबाहेर उभी होते. आता ही माणसं दर्शन घेऊन बाहेर येणार आणि मला जाब विचारणार, या भीतीनं मी क्षमा मागायचे शब्द जुळवत होते. धोंडुबाई बाहेर आल्या, कपाळाला भंडारा, डोक्यावर डबा तसाच रिकामा.

"मला क्षमा करा," मी म्हटलं. "रॉकेल नव्हतंच इथं. मी सांगितलं होतं."

"सांगितलंतासा की." त्यांनी डबा खाली ठेवला. "म्हैनाभरात सात लायनीत हुबी राहिलो मी, बाई. एकीतनं बी म्होरनं भाईर पडलो न्हवतो. कायम आपली मागनं माघारी. आज पयल्यांदा म्होरनं भाईर पडलो." आणि मला जाब विचारायच्या ऐवजी त्यांनी माझ्या पायाला हात लावला. मी मागं सरकले, तर रेलिंगला पाठ टेकली.

चव्वेचाळिसाव्या आत्याबाई सावकाश आल्या. पदर जागच्या जागी, बांगडीसुद्धा पिचली नव्हती. दोन्ही हात होते तसेच. माझे डोळे भरून आले. त्यांनी मात्र इकडं तिकडं बघितलं, आणि तोंड वाकडं केलं.

"कुणी ढकाललं न्हाय का तुडवलं न्हाय," त्या म्हणाल्या. "जत्रा कसली म्हणायची ही?"