मारुतीपुढचे मुद्गल

श्यामकांतांच्या हृदयाची भिंत जाड झाली आहे, हे कळलं तेव्हा लतिकाबाईंना आधी हसूच आलं. जन्मभर जोर-बैठका काढलेला माणूस. मान जाड, दंड जाड, मग हृदयानंच काय घोडं मारलंय?

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नव्हत्या.

दिल्लीहून गुरुग्रामला परतताना कॅबमध्ये श्यामकांतांनी लेकीला सगळं समजावलं. गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून, कीर्तनात बुवा निरूपण करतात तसं.

"ऐक, रेवती. तू पहाटे उठून मैलोनमैल पळतेस. तुझ्या हृदयाला जास्त रक्त खेळवावं लागतं, म्हणून त्याच्या खोल्या ऐसपैस होतात. पंगत वाढली की मांडव वाढवतात, तसं. माझ्यासारख्यानं ओझं उचललं की दाब चढतो. त्या दाबाशी झुंजून भिंत थोडी जाडावते. तटबंदीच म्हण ना. दोन्ही व्यायामाचीच कारागिरी."

"अच्छा, मग प्रॉब्लेम काय आहे, बाबा?"

"माझा तट जरा जास्तच जाड निघाला. नुसत्या व्यायामानं इतका होत नाही म्हणतात. आता तीन महिने व्यायाम बंद. तट उतरला तर तो तालमीनं बांधलेला."

"आणि नाही उतरला तर?"

ठेका थांबला. "तर रक्तातून आलेला. मग तुलाही तपासायचं."

लतिकाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांचे सासरे चाळिशीतच गेले होते. तालमीत, मारुतीसमोर, खांद्यावर फिरवायचा जड लाकडी मुद्गल असताना. 'भाग्यवान, देवाच्या पायाशी गेले,' असं घरात सगळे म्हणायचे. त्याच मुद्गलांची जोडी आता त्यांच्या चौदाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत मारुतीच्या तसबिरीखाली उभी होती.

श्यामकांतांचं सोसायटीतल्या जिमला जाणं त्या दिवसापासून बंद झालं. पण पहाटे बाल्कनीचं दार लोटलं गेलं आणि आतून रामनाम ऐकू आलं. मुद्गलाच्या एका फेरीला एक नाम, हा या घराचा तीस वर्षांचा रिवाज.

"अहो, डॉक्टर नको म्हणाल्यात ना!" चहा घेऊन आलेल्या लतिकाबाई कळवळल्या.

"व्यायाम नको म्हणाल्यात. उपासना नको, असं म्हणतील का?"

त्यांनीही कधी मुद्गलाला व्यायाम म्हटलं नव्हतं. हनुमान जयंतीला त्या स्वतःच्या हातानं त्याला शेंदूर लावत. रोज सकाळी केर काढताना मुद्गल सतरंजीवर मांडलेले दिसत, आणि त्या मुकाट्यानं बाजूनं झाडून घेत. पण मनात कुठेतरी एक गाठ मारून ठेवली होती त्यांनी. वेळ आलीच तर सोडायची.

तीन महिन्यांनी ती वेळ आली. डॉक्टरीणबाईंनी यंत्राच्या पडद्यावर हृदयाची भिंत मोजली, जुना कागद शेजारी धरला आणि मान हलवली. "वैसी की वैसी है. ज़रा भी कम नहीं हुई."

रेवतीनं बाबांकडे पाहिलं. पण लतिकाबाईंचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी गाठ सोडली.

"डॉक्टरसाब, ये टेस्ट तो गिनती में ही नहीं! इन्होंने कसरत बंद कहाँ की? रोज़ सुबह मुद्गल घुमाते हैं, भगवान के सामने. मैंने खुद सुना है. अब सचमुच बंद करवाती हूँ, फिर देखिए!" आणि नवऱ्याकडे वळून, "सांगा ना हो! आता कशाला लाजताय?"

श्यामकांत टेबलावर उघड्या छातीनं बसले होते. छातीवरचा तपासणीचा चिकट द्राव पुसायचाही राहिला होता.

"लतिका," ते हळूच म्हणाले, "पहिल्या दिवशी एक खांद्यावर घेतला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तसाच खाली ठेवला. तेव्हापासून फिरवला नाही."

"मग ते रोजचं नाम?"

"नुसतं बसून घ्यायचो. मुद्गल आडवे लोटून सतरंजीवर ठेवायचो, तुला दिसावेत म्हणून. म्हटलं, अंधारीचं कळलं तर घाबरशील; त्यापेक्षा तुला वाटू दे अजून उचलतोय."

रोज पहाटे ओट्याशी उभं राहून, त्या नामाच्या लयीवर लतिकाबाईंनी लेकीचा जीव टांगून ठेवला होता.

डॉक्टरीणबाईंना मराठी कळत नव्हतं, पण बाकी सगळं कळलं असावं. त्या रेवतीकडे वळल्या. "बेटा, आप भी लेट जाइए."

"मी पळते ना, मॅम. माझं बडा होना नॉर्मल है ना? बाबांनी सांगितलंय." दोन भाषांत अडखळत ती हसली.

"चेंबर बड़ा हो तो ठीक है, बेटा. मुझे दीवार देखनी है."

श्यामकांत उतरले. बापानं ऊब दिलेल्या टेबलावर लेक आडवी झाली. पडदा ओढला. यंत्रातून तिच्या हृदयाचा आवाज खोलीभर घुमू लागला, भरदार, पखवाजासारखा. श्यामकांतांचे ओठ त्या लयीत हलू लागले. लतिकाबाईंनीही हात जोडले, पण नाम काही ओठांवर येईना. देवाकडे मागायचं काय, सासऱ्यांनाही त्यानंच पायाशी घेतलं होतं.

पडद्याच्या फटीतून डॉक्टरीणबाईंचा हात दिसत होता. तो सरकला, थांबला, मागे आला आणि पुन्हा त्याच जागी जाऊन टेकला.

"एक मिनट, बेटा. साँस रोकिए."

श्यामकांतांचे ओठ हलायचे थांबले.