नाथा भोईरची इन्क्वायरी

सुपरवायझरने तीनदा हाक मारूनही नाथा भोईरने काम थांबवलं नाही, आणि खांद्याला हात लावल्यावर त्याने सुपरवायझरला मारलं, असा आरोप होता. चार्जशीट मीच टाइप केली होती. १९९५चा फेब्रुवारी महिना होता.

भाईंदर पूर्वेला आमचा पत्र्याची पिंपं बनवायचा कारखाना होता. तेल, रंग, केमिकल भरतात तसली दोनशे लिटरची मोठी पिंपं. मी तिथे पर्सोनेल खात्यात असिस्टंट होते. माझे वडील नानासाहेब परभणीहून मुंबईला आले आणि पोस्टात लागले. लेबर वेल्फेअरचा डिप्लोमा करून मी ऑफिसच्या खुर्चीत बसले, तेव्हा माझ्यापेक्षा त्यांचीच मान जास्त ताठ झाली होती. पोरगी कामगारांचं कल्याण बघते, असं ते शेजाऱ्यांना सांगायचे.

त्या दिवशी बाहेरची पार्टी माल बघायला आली होती. पराग म्हणजे शेडचा सुपरवायझर, सव्वीस वर्षांचा. पाहुण्यांसमोर त्याने नाथाला थांबायला सांगितलं. नाथा पिंपाची कड वळवत राहिला. पाहुणे हसले. पराग मागून गेला आणि त्याने नाथाचा खांदा धरला. नाथा दचकून वळला, त्याचा हात परागच्या तोंडावर लागला आणि चष्मा फुटला. एवढंच घडलं होतं. पण कागदावर ते ‘हेतुपुरस्सर आज्ञाभंग व वरिष्ठांवर हल्ला’ झालं, आणि त्याची शिक्षा एकच होती, बडतर्फी.

इन्क्वायरी आमचे पर्सोनेल मॅनेजर शशिकांत देवस्थळी यांनी घेतली. देवस्थळी सर गिरगावातली जागा सोडून मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहायला आले होते. सभ्य माणूस. कधी आवाज चढवला नाही, मला अहो-जाहो करायचे. कागद डोळ्यांसमोर धरून वाचायची त्यांना सवय होती.

“सुपरवायझरनी दिलेली सूचना तुम्ही मुद्दाम पाळली नाहीत?” कागदामागून त्यांनी विचारलं.

“हा साहेब,” नाथा म्हणाला.

“तुम्ही त्यांच्यावर हात उचललात?”

“हा साहेब.”

मी लिहून घेत होते. पंचेचाळिशीचा माणूस, धुतलेला शर्ट घालून आलेला, दोन्ही हात मांडीवर. सगळं इतक्या सरळपणे कबूल करतोय याचं मला नवल वाटलं. देवस्थळींनी कागद उलटला.

“राहायला कुठे तुम्ही?”

“हा साहेब.”

माझं पेन थांबलं. देवस्थळी किंचित हसले. “ते लिहू नका,” मला म्हणाले. “आरोप कबूल, एवढंच घ्या.”

नाथा सही करायला वाकला, तेव्हा मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. नेहमीच्या आवाजात म्हणाले, “नाथा, शर्टाला शाई लागली तुमच्या.” त्याने मान वळवली नाही. जरा मोठ्याने पुन्हा म्हटलं. तो आपल्या नावाची अक्षरं जुळवत राहिला. देवस्थळींनी माझ्याकडे पाहिलं आणि फाइल बंद केली.

दुपारी मी नाथाची फाइल काढली. दर डिसेंबरात कारखान्यात डॉक्टर यायचे. कँटीनमध्ये बसून सगळ्यांचं ब्लडप्रेशर घ्यायचे, कोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्यावर सह्या करायचे आणि जेवून जायचे. बाकीचे रकाने आम्ही ऑफिसात भरायचो, मागच्या वर्षीचं बघून. नाथाच्या फॉर्मवर लिहिलं होतं, ‘श्रवणशक्ती: सामान्य’. शेवटची दोन वर्षं ते अक्षर माझं होतं.

मी ते कितीतरी वेळ बघत बसले. शेडमध्ये मी आठवड्यातून एकदा जायची, कानांवर ओढणी घट्ट धरून, आणि दहा मिनिटांत पळून यायची. तिथली माणसं दिवसाचे आठ तास काढत होती. कुणी मशीन पुसायचं सुती वेस्ट कानात कोंबायचा, तर पराग ते काढायला लावायचा, पार्टीसमोर घाण दिसतं म्हणून. हे सगळं मला माहीत होतं. तरी अडतीस माणसांचे कान मी टेबलापाशी बसून तपासले होते, चहा पितापिता. राग आला तो आधी माझाच आला.

रविवारी मी भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरली आणि तारोडीला नाथाच्या घरी गेले. नाथाची बायको सरोजा ओट्यावर मासळी साफ करत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने हात धुतले, पण आत या म्हणाली नाही.

“त्यांना ऐकू येत नाही ना?” मी विचारलं.

ती दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, “चार वरसं झाली. आदी वाटला, मुद्दाम बोलत न्हाय. मी भांडायची. मग समाजला का आयकूच येत न्हाय.”

नाथा आतून बाहेर आला. मला बघून त्याचा चेहरा बदलला. बायकोने हातवारे करून, तोंड मोठं करून त्याला सांगितलं. तो माझ्यावर ओरडला. ज्यांना आपला आवाज ऐकू येत नाही त्यांचं बोलणं असतं, तसं मोठ्याने.

“तुमाला कोनी बोलावला इथं? बाबाजीला कसा काढला? कान गेला म्हनून सांगायला गेला तो, तर अनफिट करून घरी बसवला. तो कागद तुमच्याच खात्यातना आला. मी सांगीन होय?”

शेडमधल्या बाबाजीचं प्रकरण माझ्या आधीचं होतं. पण ते मी कुठल्या तोंडाने सांगणार? मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, “नाही सांगितलंत तरी नोकरी जाणार. तुम्ही सगळं कबूल केलंय.” नाथाने ते वाचलं, दोनदा. इन्क्वायरीत त्याला काय विचारलं होतं ते त्याला तेव्हा कळलं. तो ओट्यावर बसला. सरोजा म्हणाली, “मॅडम, कुठं न्यायचा ते सांगा. मी आनते त्याला.”

मुंबईच्या एका सरकारी इस्पितळात तपासणी झाली. दोन्ही कान गेले होते, आणि ते परत येणार नव्हते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “किती वर्षं आहेत त्या कामावर?”

“चौदा,” मी म्हणाले.

“कानात घालायला काय देतात यांना?”

“काही नाही,” मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही कोण यांच्या?”

“मी पर्सोनेल खात्यात आहे,” मी म्हणाले. त्यांनी रिपोर्ट लिहून दिला.

तो रिपोर्ट मी देवस्थळी सरांच्या टेबलावर ठेवला तेव्हा मला वाटत होतं, संपलं. माणूस बहिरा आहे, त्याने आज्ञाभंग केलाच नाही. आता आरोप मागे घ्यावे लागतील. त्यांनी रिपोर्ट सावकाश वाचला आणि माझ्यासाठी चहा मागवला.

“चांगलं केलंत,” ते म्हणाले. “इन्क्वायरीची कटकटच मिटली. कुणी युनियनवाला मध्ये पडला असता. आता सरळ मेडिकली अनफिट करू.”

मला आधी कळलंच नाही. “सर, कान इथे गेलेत त्यांचे. आपल्या शेडमध्ये.”

“असं कोण म्हणतं?”

“चौदा वर्षं कड वळवायच्या मशीनवर आहेत ते.”

“पंचशीला, गेल्या डिसेंबरपर्यंत त्याचे कान ठणठणीत होते. तुमच्याच अक्षरात आहे. दोन महिन्यांत बहिरा झाला तर घरी काहीतरी झालं असेल. फटाका फुटला असेल, समुद्राचं पाणी गेलं असेल.” त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. “आणि माणुसकीनं बघा ना. ऐकू न येणारा माणूस मशीनवर ठेवायचा, उद्या क्रेनखाली आला तर? सेफ्टी म्हणून तरी त्याला घरी पाठवायला हवं.”

सेफ्टी हा शब्द त्यांनी किती प्रेमाने उच्चारला. त्या कपात बोट बुडवून त्यांच्या शर्टावर चहा उडवावा असं मला वाटलं. मी कप तसाच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी शेडमधल्या माणसांना सांगितलं. सगळ्यांनी कान तपासून घ्या, मी सोबत येते. मला वाटलं होतं, निदान वीसजण येतील. काशीनाथ म्हणून वयस्कर फोरमन होता, तो म्हणाला, “मॅडम, नाथाचं भलं करायला गेलात आणि त्याची रोजी जायची पाळी आली. आमच्यावर उपकार नका करू.” ते कडू होतं, पण खोटं नव्हतं. शेवटी पाचजण आले. पाचांपैकी चौघांचे कान गेले होते.

मग मी कारखाना निरीक्षकाच्या नावे पत्र लिहिलं. नाथाचा आणि त्या पाचजणांचे रिपोर्ट जोडले. आणि त्यात लिहिलं की, मागच्या दोन वर्षांचे अडतीस माणसांचे तपासणीचे फॉर्म मी स्वतः, कुणालाही न तपासता भरलेले आहेत, आणि त्यांतलं एकही वाक्य खरं मानू नये. नाथाला खोटं पाडणारा एकच पुरावा होता, आणि तो मोडायला मी एकटीच होते.

घरी मी ते नानांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

“नोकरी जाईल तुझी,” ते म्हणाले.

“जाईल.”

त्यांनी चष्मा काढला. “पोरगी कल्याण बघते असं मी गल्लीत सांगतोय,” ते म्हणाले, “आणि तू हे करत होतीस?” आयुष्यात त्यांनी मला कधी मारलं नव्हतं, पण ते वाक्य तसंच लागलं. मग पत्र माझ्या हातात देऊन म्हणाले, “रजिस्टर्ड पाठव. पावती सांभाळून ठेव.”

निरीक्षक मार्चच्या शेवटी आले. बरोबर आवाज मोजायचं यंत्र होतं. नाथाच्या मशीनपाशी त्यांनी ते धरलं आणि काटा एकशे चार डेसिबलवर गेला. कायद्याने नव्वदपर्यंतच चालतं. त्यांनी देवस्थळींना काहीतरी विचारलं. देवस्थळींनी कानाशी हात नेला. त्यांनी पुन्हा विचारलं. देवस्थळी ओरडले, “काय? ऐकू येत नाही.” निरीक्षकांनी ते तसंच वहीत लिहिलं. मी दाराशी उभी होते. त्या दिवशी एवढं एकच मला बरं वाटलं.

नाथाची इन्क्वायरी रद्द झाली. त्याला मागच्या गोडाऊनमध्ये हलवलं, पगार तोच ठेवून. शेडमध्ये कानात घालायची रबरी बुचं आली. कड वळवायचं मशीन वर्षभराने भिंतीपलीकडे गेलं. विमा योजनेच्या मेडिकल बोर्डाकडून नाथाच्या बहिरेपणाचा निकाल लागायला अडीच वर्षं लागली, पण त्याच्या बाजूने लागला.

मला मात्र एप्रिलमध्येच चार्जशीट मिळाली. कंपनीचे दस्तऐवज खोटे बनवले. त्यात चूक काढता येत नव्हती, मीच लेखी दिलं होतं. पण कोऱ्या फॉर्मांवर सही करणारे डॉक्टर पुढच्या डिसेंबरातही आले, आणि ‘मागच्या वर्षीचं बघून भरा’ असं मला पहिल्याच महिन्यात सांगणारे देवस्थळी सर त्यांच्या खुर्चीतच राहिले. पेन माझ्या हातात होतं, म्हणून मी गेले. मी नाकबूल काही केलं नाही. ते दोघं का सुटले, हा राग मात्र अजून तसाच आहे आणि तो जावा असंही मला वाटत नाही.

नोकरी सुटून दोनेक महिने झाले असतील. एका संध्याकाळी नाथा आमच्या दारात आला. त्याने कधी आभार मानले नव्हते, त्या दिवशीही मानले नाहीत. बसला नाही. खिशातून कागद काढून माझ्यापुढे धरला. त्यावर तीन नावं होती. पहिलं काशीनाथचं होतं.

“यांना पन तपासायचा हाय,” तो मोठ्याने म्हणाला. “तुमच्याकडं यायला लाजतात.”

शेजारची दारं उघडली. मी त्याच कागदावर लिहिलं, “सोमवारी सकाळी आठला इस्पितळात पोचायचं. नंतर रांग वाढते.” त्याने वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि शेवटची बस धरायला निघाला.