सरूबाईंच्या बाजूचं दार

मी एक जुनी पांढरी मोटारगाडी आहे. नीट पाहिलंत, तर माझं डावीकडचं मागचं दार बाकीच्या अंगापेक्षा जरा जास्तच पांढरं दिसेल. ते दार मूळचं माझं नव्हे. मित्रांनो, त्याचीच ही हकीकत.

चाकणजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे जवळच दुसऱ्या कंपनीत फिटर असलेल्या ज्ञानेशने मला विकत घेतलं आणि रहाटणीच्या आपल्या घरी आणलं. त्याची बायको विजयश्री. रोज पूजा आटोपली की ती खाली यायची, माझ्या बॉनेटला हळदकुंकू लावायची आणि हळूच म्हणायची, "सांभाळून ने गं बाई त्यांना." त्याआधी किल्ली फिरवायची नाही, असा घरचा नेमच होता.

पुढे ज्ञानेशने ठरवलं, की शिफ्ट सुटल्यावर मोबाइलवरच्या अ‍ॅपवरून भाडी घ्यायची. खंडेनवमीला नव्या कामाचा नारळ फुटला. देवापुढे विडा ठेवून सांगितलं, कुलदेवीला सांगितलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढे वाटले. विम्याच्या कागदालाही फूल वाहिलं. फक्त विमा कंपनीला कळवायचं तेवढं राहिलं.

किती छान होते हो ते दिवस! तळेगावच्या वाटेवर कुणी नर्सबाई बसताक्षणी डोळे मिटायची, तर कुणी घरी फोन लावून भाजीत मीठ किती घालायचं ते सांगायचं. आणि चाकणच्या सरूबाई! लेकीकडे तळेगावला निघाल्या की मांडीवर मेथीच्या जुड्यांची पिशवी. त्या उतरून गेल्या तरी मेथीचा वास माझ्या सीटवर रेंगाळत राही. दिवसभर कंपनीच्या आवारात उन्हात उभी असले, तरी मला संध्याकाळची ओढ लागायची.

एका संध्याकाळी वळणावर एक टेम्पो आम्हाला जोरात घासून न थांबता निघून गेला. माझं मागचं दार चेपलं, चाक वाकलं. आत सरूबाई होत्या. त्यांच्या मनगटाचं हाड मोडलं.

गॅरेजमध्ये विम्याचे साहेब मला पाहायला आले. ज्ञानेश मान खाली घालून उभा होता. विजयश्री आली होती, आणि हाताला प्लास्टर घातलेल्या सरूबाईही.

साहेबांनी विचारलं, "गाडीत ह्या बाई होत्या. ह्या कोण तुमच्या?"

ज्ञानेश तोंड उघडायच्या आत सरूबाई म्हणाल्या, "म्या? म्या मावशी हाय त्याची. सख्खी!"

"असं? मग भाच्याचं आडनाव काय, मावशी?"

"भाच्याला कुनी आडनावानं हाक मारतं व्हय, सायेब?"

गॅरेजमधली पोरं खो खो हसली. साहेबही हसले आणि लिहायला लागले. मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला होता. त्यांनी 'मावशी' लिहिलं की मी बरी होणार होते. खरं सांगते, मलाही ते हवंच होतं.

तेवढ्यात विजयश्रीचा बारीक आवाज आला. "साहेब, मावशींचं मन मोठं आहे. पण त्या पॅसेंजर होत्या. भाडं घेतलं होतं आम्ही."

"अगं, काय बोलतेस!" ज्ञानेश पुटपुटला.

"अहो, रोज सकाळी मी हिला कुंकू लावते. खोटं सांगून हिला दुरुस्त केलं, तर उद्या कुठल्या हाताने लावू?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "ताई, हा विमा घरच्या वापराचा आहे. भाड्याच्या फेरीला तो चालत नाही. काम सुरू करण्याआधी विचारलं असतं, तर परवाना आणि त्याचा वेगळा विमा, दोन्ही सांगितलं असतं."

"नारळ फोडला होता हो," ज्ञानेश एवढंच म्हणाला.

मग फार दिवस मी घरासमोरच्या गुलमोहराखाली उभी होते. ज्ञानेशने आधी सरूबाईंच्या दवाखान्याचं पाहिलं, माझा नंबर नंतर. अंगावर धूळ बसली, त्या धुळीत पोरांनी बोटांनी नावं लिहिली. जाणारे-येणारे म्हणत, "अरे भावा, भंगारात घाल की आता!" विजयश्री मात्र रोज खाली यायची, पदराने चार बोटांपुरती धूळ पुसायची आणि तिथे कुंकू लावायची. सांभाळून ने, असं म्हणायची नाही. नुसती उभी राहायची.

अखेर वाकलेलं चाक बदललं, एका भंगारवाल्याकडे माझ्या मापाचं दार मिळालं आणि मी पुन्हा चालू लागले. भाडी मात्र बंद झाली ती झालीच. नर्सबाईंना आता कोण सोडत असेल?

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल, तर तिला हार जरूर घाला. पण तिचं काम बदललं, की देवाइतक्याच मोकळेपणाने विमावाल्यांनाही सांगा. नाहीतर आतल्या माणसाला लागतं, तेव्हा तो कागद नुसता कागदच राहतो.

परवा ज्ञानेश सरूबाईंना लेकीकडे सोडायला निघाला, पैसे न घेता. आता दर महिन्याला सोडणार आहे. त्या मेथीची पिशवी घेऊन त्याच पांढऱ्याफेक दाराने आत बसल्या. विजयश्रीने कुंकू लावलं आणि कितीतरी दिवसांनी म्हणाली, "सांभाळून ने गं बाई."

सरूबाईंनी काच खाली केली. "पोरी, आता कुनी सायेब आला, तर मावशी म्हनूनच सांगायचं बरं का. आता ते खोटं न्हाई."