उजव्या बाजूची शिवण

एकोणीसशे अठ्ठावन्न साल. कतारमधल्या दोह्यात पुस्तकबांधणी करणारा तेव्हा एकच, रत्नागिरीकडचा नसरुद्दीन. कचेऱ्यांची रजिस्टरं आणि मशिदींतली जुनी कुराणं त्याच्याकडे येत. शिवण घालायचं काम त्याच्या बायकोचं, खतिजाचं.

बंदराच्या कामावरचे इटालियन इंजिनियर बेरुती एक दिवस पत्र्याची पेटी घेऊन आले. आत हाताने लिहिलेली संगीताची पानं. त्यांच्या गावच्या नाटकघरातला दीडशे वर्षांचा संग्रह. लढाईत इमारत जळाली, एवढीच पानं त्यांच्या आईने वाचवली होती. इथल्या दमट हवेने तीही सुटून चुरायला लागली होती. बारा दिवसांनी साहेबांची बोट होती.

शिवायला बसताना खतिजा म्हणाली, "अहो, जुनी भोकं डावीकडे आहेत."

"जन्मभर अरबी पुस्तकं उजवीकडून बांधतोय. आता तू मला शिकव!"

तिने उजवीकडे नवी भोकं पाडली. तीन पुस्तकं तयार झाली.

आठव्या दिवशी साहेबांनी पहिलं उघडलं, तर शेवटचं पान समोर. नसरुद्दीन हसला, "साहेब, आमच्या बाजूने उघडा." त्यांनी तसं केलं. ओळीवरून बोट फिरवत नेलं, ते शिवणीत अडकलं. लिहिणाऱ्याने समास डावीकडे सोडला होता; उजवीकडे सूर कागदाच्या कडेपर्यंत होते. प्रत्येक ओळीचा शेवट शिवणीने गिळला होता.

"खलास," म्हणून ते स्टुलावर बसले.

पडद्याआडून खतिजा बाहेर आली. परक्या पुरुषासमोर ती कधी आली नव्हती. "चार दिन दीजिए, साहेब."

"अगं, कागद फाटेल," नसरुद्दीन कुजबुजला.

"फाटला तर माझ्या हातून फाटू दे. भोकं बघून गप्प मीच बसले ना!"

ब्लेडच्या टोकाने एकेक धागा कापत तिने दोन पुस्तकं सोडवली आणि डावीकडून शिवली. तिसरं सर्वात जास्त दमट झालेलं होतं. धागा निघाला तशा कडा सुरांसकट गळून पडल्या.

साहेबांनी त्यातलं एक पान हातात घेऊन हलकेच गुणगुणायला सुरुवात केली. फाटलेल्या कडेशी ते थांबले. खतिजाला गाण्यातलं काही कळत नव्हतं, तरी पुढचा सूर येईल म्हणून ती श्वास रोखून उभी राहिली.

बेरुतींनी दोन पुस्तकं गावच्या शाळेला दिली, तिसरं उशाशी ठेवलं. चौसष्टात ते वारल्याचं त्यांच्या भाचीने कळवलं. डोळे अधू झाल्यावर नसरुद्दीन सदुसष्टात रत्नागिरीला परतला आणि तिथेच वारला. दोह्यात काम करत होता तोवर प्रत्येक पान तो आधी बायकोला दाखवी. खतिजा दोह्याजवळच्या अल वक्र्याला मुलाकडे राहिली. वयाच्या नव्वदीत गेली, तिसऱ्या पुस्तकाचा विषय तिने कुणापाशी काढला नाही.